कापडी पट्ट्याची घड्याळं

मोबाईलवरचा फोटो बघून हुकमचंद शेठ गादीवरून ताडकन उठले. दुकानाच्या माळ्यावरून गायब झालेली त्यांचीच घड्याळं कुणीतरी ऑनलाइन विकायला काढली होती. तीही अर्ध्या किमतीत!

मग शेठजींनी जे केलं, ते करायला नको होतं. त्यांनी भर गिऱ्हाइकांत कल्याणची पिशवी उलटी केली. कल्याण हा मस्तगड भागातल्या त्या घड्याळाच्या दुकानातला जुना कारागीर. पिशवीतून काय निघालं? जेवणाचा डबा आणि पोरीच्या साखरपुड्याची साडी. साखरपुडा रविवारी भोकरदनला होता.

फौजदार वंदना चाटे आल्या, तेव्हा कल्याण स्टुलावर मान खाली घालून बसला होता.

"यांच्यावरच संशय का?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, फोटोतला पट्टा बघा ना," नमन म्हणाला. शेठजींचा हा पुतण्या पगारावर काउंटर सांभाळायचा. "हे घड्याळ कंपनीकडून चामड्याच्या पट्ट्यात येतं. आम्ही जैन, चामडं विकत न्हाई. माल आला की कल्याणमामा पट्टे काढून कापडी लावतात. दुसरं कोण लावणार?"

"काढलेल्या पट्ट्यांचं काय करता?"

"कल्याणच बांधून कंपनीला परत धाडतो," शेठजी म्हणाले. "घरातलं कुणी हात लावत न्हाई."

"कल्याणमामा, चोरीच्या मालाचे पट्टे तुम्ही बदलले होते?"

"न्हाई मॅडम. मालाचं खोकं फोडलंबी नव्हतं, शेठजींनीबी बघितलंय. तसंच्या तसं गेलं."

"दारातली चप्पल तुमची?"

"हो. चामड्याची हाये म्हणून बाहेर काढतो."

वंदनाबाई चहासुद्धा न घेता निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या आणि मोबाईल शेठजींपुढे धरला. "काल मी गिऱ्हाईक होऊन विचारलं, मूळ चामड्याचा पट्टा द्या, वर पैसे देते. हे उत्तर बघा."

'चामडं मिळणार नाही. घ्यायचं तर असंच घ्या.'

"शेठजी, खोकं गेलं तेव्हा आत चामड्याचेच पट्टे होते. म्हणजे ते चोरानं बदलले. कशासाठी? मूळ पट्ट्यावर तर भाव जास्त येतो! कल्याणमामा रोज चामडं हाताळतात, पायात घालतात. त्यांनी कशाला नुकसान करून घ्यावं? आणि पट्टा बदलायला कारागीर लागतोच कुठे?" त्यांनी काउंटरवरच्या एका घड्याळाची बारीक पिन नखानं सरकवली. पट्टा अलगद हातात आला. "चोरी चालली, पण चामडं विकणं चाललं नाही, असा माणूस या दुकानात कोण? तुम्ही स्वतःचा माल अर्ध्या किमतीत विकणार नाही. मग उरलं कोण?"

नमनच्या तोंडचं पाणी पळालं.

"पट्टे कुठंयत?" वंदनाबाईंनी विचारलं.

"स्कूटीच्या डिकीत. घरात न्यायची हिंमत झाली न्हाई." तो रडायलाच लागला. "काकासा, मोबाईलवरच्या खेळात पैसे हरत गेलो. पण चामडं विकायचं म्हटलं की घरात चामडं येऊ न देणारी पानबाई दादी डोळ्यापुढं यायची. तेवढं पाप नको वाटलं."

"आणि या माणसावर आळ घेताना दादी आठवली नाही?"

सोबतच्या शिपायानं नमनला जीपकडे नेलं.

शेठजी कल्याणसमोर आले. घरातल्यावर शंकासुद्धा आली नाही आणि याची पिशवी मात्र आपण जगासमोर झाडली, यानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात जोडले.

"माझ्यापुढं हात जोडून काय फायदा, शेठजी?" कल्याण म्हणाला. "सकाळी व्याह्याचा फोन आल्ता. म्हणले, पोलिसांचं निपटू द्या, मंग साखरपुड्याचं बघू."

शेठजींनी गाडीची चावी उचलली.

"चल भोकरदनला. चोर माझ्या घरातला निघाला, हे मीच सांगतो. समद्यांसमोर."

कल्याणनं कालपासून दुकानातच पडलेल्या साडीची नीट घडी घातली आणि दारातली चप्पल पायात सरकवली. भर दुपारी शेठजी दुकानाचं शटर खाली ओढत होते.