मनातलं बोलणारी सासू

"दमलीस गो वैष्णवी... ये, बस जरा माझ्याजवळ!"

सासूचे हे शब्द कानांवर पडले आणि वैष्णवीच्या हातातली पाटी निसटली, कोकमाची लालबुंद फळं, रातांबे, अंगणभर घरंगळत गेले! बारा वर्षं झाली होती तिला लग्न होऊन कुवारवाडीत येऊन, आणि या बारा वर्षांत सावित्रीबाईंनी तिला आळशी म्हटलं होतं, वेंधळी म्हटलं होतं, दळभद्री तर येताजाता म्हटलं होतं, पण 'दमलीस'?... छे! सून दमते ही गोष्टच त्यांना मान्य नव्हती.

"सांडली पाटी? सांडू दे. मी वेचतंय. तुला लागला नाय ना खय?"

आता मात्र वैष्णवीच्या पायाखालची जमीन सरकली. खरी सासू असती, तर पाटी जमिनीला टेकायच्या आत वैष्णवीच्या दापोलीकडच्या, मुरुडच्या माहेराचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार होऊन गेला असता. इथे म्हातारी वाकून, गुडघे धरून, एकेक फळ पदराने पुसून पाटीत ठेवत होती, आणि मधूनच मान वर करून सुनेकडे अशा काही वात्सल्याने बघत होती, की वैष्णवीच्या अंगावर सर्रकन काटा आला. चेहरा तोच, हनुवटीवरचं गोंदण तेच, एका बाजूला कलून चालायची लकबही तीच. पण ही आपली सासू नव्हे... नव्हेच!

दुसरी कोणी असती तर 'देव पावला' म्हणून गप्प बसली असती. पण वैष्णवीच्या जिवाला घोर लागला. आणि मग तिला दिसू लागलं, की हे एका घरापुरतं नाही, सगळ्या वाडीचंच काहीतरी बिनसलं आहे. शेजारचा केरू आणि सावित्रीबाई यांचं मधल्या गडग्यावरून अकरा वर्षं वैर. चिऱ्यांची ती कमरेइतकी भिंत, पण तिच्यापायी दोन्ही घरांत मयतालासुद्धा जाणं-येणं नव्हतं. तो केरू सकाळीच टोपी हातात घेऊन अंगणात उभा राहिला आणि सावित्रीबाईंना म्हणाला, "वयनी, गडगा मीच सरकवला होता. दीड हात. रातीचा. चुकला माझा!"

आता जाणत्याला सांगायला नको, कोकणात गडगा हाताने सरकवतात, पण तोंडाने कधी कबूल करत नाहीत! कोर्टात तीन पिढ्या जातील, पण 'चुकला माझा' हे शब्द कोणाच्या घशातून निघायचे नाहीत. वैष्णवी वाडीभर फिरून आली. एकेका घरात एकेक म्हातारं माणूस, मुलं सगळी मुंबईला. आणि जो तो मनातलं भडाभडा बोलत सुटलेला. पंचवीस वर्षं जावेशी अबोला धरून बसलेली एक बाई तिच्या गळ्यात पडून रडत होती. एवढा गोडवा त्या वाडीच्या मातीत नव्हताच मुळी.

तिने नवऱ्याला फोन लावला. नितेश मालवाहू बोटीवर होता, फोन लागायचा तो नशिबाने. "अहो, या आई नाहीत. कोणीतरी दुसरंच आहे त्यांच्या जागी..."

पलीकडून तो हसला, आणि मग त्याचा आवाज कडवट झाला. "काल माझ्याशी किती गोड बोलली आई! आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, तुझी आठवण येते म्हणून. आणि तुला तेही सोसत नाही? बारा वर्षं तिच्या नावाने रडलीस, आता ती बरी वागते तर तीच खोटी? कमाल आहे तुझी, वैष्णवी!"

फोन बंद झाला.  जिच्या बोलांनी काळीज सोलून निघालं, तिच्याचसाठी तळमळावं, आणि वर नवऱ्याकडून द्वेषाचा आळ यावा! कोणाला सांगणार हे दुःख?

दुपारी दोघी पडवीत रातांबे फोडायला बसल्या. साली एका बाजूला, गर एका बाजूला, बोटं तांबडी झालेली. वैष्णवीने विळी आडवी केली आणि सरळ विचारलं.

"तुमी कोण?"

म्हातारीचा हात थांबला. तिने खोटं बोलण्याचा प्रयत्नही केला नाही. "कसा वळाखलंस गो?"

"आई माझ्याशी असं कधी बोलल्याच नाहीत."

"पण हा सगळा तिच्याच मनातला हाय!" ती खरोखर गोंधळून म्हणाली. "मी एक शब्द पदरचा घातला नाय. आमच्याकडे मनात एक नि तोंडात एक, असा नसताच. आमी तिच्या मनात जा होता ता घेतला, नि बोललो. त्यात चूक काय झाली?"

मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. आकाशापलीकडे कुठेतरी त्यांचं घर होतं, ते उरलं नाही. पोरंबाळं वाटेत गेली, राहिली ती थकलेली माणसं. इथे, वाडीवरच्या उघड्या कातळमाळावर, सड्यावर उतरली तेव्हा खाली ही वाडी दिसली, मोठमोठी घरं आणि घरटी एक म्हातारं. त्या म्हाताऱ्यांना त्यांनी सड्यावरच्या जुन्या चिरेखाणीत निजवलं, आणि त्यांची रूपं घेऊन त्यांच्या घरात राहायला आली. सावित्रीबाई गेल्या सोमवारी सकाळी काटक्या आणायला वर गेल्या होत्या, तिथेच त्यांना निजवलं. कोणाला इजा नाही, वेदना नाही... नुसती झोप.

"नि आमचा एकच नेम हाय," ती म्हणाली. "ज्याचा माणूस कोणी वळखून मागायला येल, त्याचा माणूस त्याला परत द्यायचा. आठ-धा दिस झाले. घराघरात मुंबयसून फोन येतात. 'बरा हायस ना?' 'बरा हाय.' संपला! वळाखलान नाय कोणी. तू पयली."

वैष्णवीच्या कानांतून मात्र एक वाक्य जात नव्हतं... हा सगळा तिच्याच मनातला हाय. आठ वर्षं उरात रुतून बसलेला काटा तिने आज उपटायचं ठरवलं. तिने विचारलं.

"माझी पोर गेली... जन्मताच गेली. अकराव्या दिवशी त्यांनी मला अंथरुणातून ओढून उठवलं. 'पडून रवून पोर परत येत नाय, ऊठ, नाचणी वाळत घाल,' म्हणाल्या. ऊन होतं. मला उभं राहवत नव्हतं. तेव्हा त्यांच्या मनात काय होतं? सांगा. खरं काय ते सांगा!"

म्हातारीने डोळे मिटले. मग ती बोलू लागली.

"तिचा पयला झील, तान्हा पोरगा, पण असाच गेला होता गो. तिच्या सासूनं तिला नीज म्हटलान, नि ती सा महिने निजली. उठायचा विसारली. विहिरीवर जाऊन दोनदा आत वाकून बघितलान तिनी. तुला अंथरुणात बघितलान नि ती घाबारली... ही पण तशीच होयत म्हणून. तुला नाचणीकडे लावलान, नि आपण गोठ्यामागं जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. सांज होयपर्यंत. तू मूठमूठ नाचणी पसरत होतीस, नि ती गोठ्याच्या फटीतसून तुला बघत होती. पडलीस तर धावायला."

"आई गं...!" वैष्णवीच्या तोंडून एवढंच निघालं. तांबड्या हातांनी तिने तोंड झाकून घेतलं आणि आठ वर्षांचं साचलेलं सगळं हुंदक्यांवाटे बाहेर पडू लागलं. ज्या माऊलीला आपण पाषाणहृदयी म्हणत आलो, ती फटीला डोळा लावून आपली राखण करत होती! म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मला माझी सासू परत द्या," शेवटी वैष्णवी म्हणाली.

"देतंय. नेमच हाय तो."

"आणि तुमी? तुमी कुठं जाणार?"

म्हातारी नुसती हसली. "तिचा रूप तिला गेला की माझा काय उरत नाय. ह्या अंगाशिवाय हयच्या वाऱ्यात मी टिकायचं नाय."

 म्हणजे एकीला आणायचं तर दुसरीला संपवायचं! बारा वर्षांत जिने पहिल्यांदा 'बस' म्हटलं, पाठीवर हात ठेवला, तिलाच आपल्या मागणीने मारायचं? दोन दिवस तिने ते शब्द पुन्हा उच्चारले नाहीत. म्हातारीने तिची वेणी घातली, ताटात आधी तिला वाढलं, दुपारी तिच्यासाठी चटई अंथरली. त्या सुखात मन असं गुंतत होतं, की राहू दे ना ही, काय बिघडलं, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण प्रत्येक घासाला तिला दिसायची ती चिरेखाण आणि तिथे दगडावर निजलेलं एक खमकं, भांडकुदळ माणूस, ज्याला मागायला जगात दुसरं कोणी येणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीच म्हणाली, "चल, जाऊया. तुज्यानं परत बोलवत नाय ता मला कळतंय. वाईट वाटून घेऊ नको. आमाला वाटला होता, हयच्या माणसांत कोणाचा कोण नसता. तू इलीस... मला बरा वाटला."

"थांबा," वैष्णवी म्हणाली.

ती आत गेली, सूप घेऊन आली. तांदूळ, नारळ, हळदीकुंकू, वर एक कोरा खण. घरातली लेक सासरी निघताना भरतात तशी तिने तिची ओटी भरली. विधवेची ओटी भरू नये म्हणतात, आणि हे रूप विधवा सासूचं. पण ही कुठे कोणाची विधवा होती? कुठल्या कोण मुलखातून आलेला एक निराधार जीव, हिला निरोप द्यायला हिच्या माहेरचं कोण उरलं होतं? म्हातारीने पदर पसरला, तांदळाकडे नवलाने पाहिलं, आणि विचारलं, "हा कशासाठी?"

"परत ये, म्हणून देतात," वैष्णवी म्हणाली आणि तिच्या पायाशी वाकली.

सड्यावर चिरा तापला होता. खाणीत मात्र गारवा होता, आणि चिरे काढून पडलेल्या खाचांत वाडीची माणसं शांत निजली होती. केरू होता, जावाजावा होत्या. सावित्रीबाई कोपऱ्यात होत्या, काटक्यांची मोळी उशाशी. म्हातारीने ओटीचा नारळ छातीशी धरला, दुसरा हात सावित्रीबाईंच्या कपाळावर ठेवला. "संभाळ हिला. तोंडानं वाईट हाय, पण..." ती वैष्णवीला म्हणाली. वैष्णवीने टाहो फोडला, "आई!" आणि पाहते तो नारळ जमिनीवर होता, तांदूळ सांडले होते, आणि तिथे कोणी नव्हतं.

"कोण मेलाय हयसर, बोंबलतंस ती?" कोपऱ्यातून आवाज आला. "नि तांदूळ कोणी सांडलान? बापानं धाडलेले काय तुज्या?"

वैष्णवी धावली आणि तिने त्या कडकड करणाऱ्या म्हातारीला घट्ट मिठी मारली. "अगो सोड! याड लागला काय तुला?" सासू ओरडत होती, ढकलत होती, आणि सुनेचे डोळे काही केल्या खळत नव्हते.

उतरताना आणि मग घरी पेज चुलीवर ठेवल्यावर, वैष्णवीने तिला सगळं सांगितलं. सावित्रीबाईंनी आधी 'थापा' म्हटलं.  गोठ्याची फट आली तेव्हा मात्र त्या पाठ फिरवून बसल्या आणि उगाचच चुलीतला विस्तव सारखा करू लागल्या.

"विहिरीचा पण सांगितलान?"

"हो."

"गोठ्यामागचा?"

"हो, आई."

त्यांनी चुलीत आणखी एक काटकी सारली. मग रागारागाने म्हणाल्या, "सगळाच सांगून गेली मेली! माझ्यासाठी काय ठेवलान नाय बोलायला!"

वैष्णवीला हसू आलं आणि रडूही आलं. उद्या वाडीतल्या एकेका घराच्या मुंबईच्या मुलांना फोन लावायचे, खोदूनखोदून विचारायला आणि आपापलं माणूस ओळखून मागायला लावायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. ती उठणार, तोच सासूचा आवाज आला. असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता, त्या दुसरीच्या तोंडूनही नाही.

"नाव सांगितलान काय तिनी?"

"कसलं नाव?"

"मंग ता नाय घावला तिला," सावित्रीबाई म्हणाल्या. अजून पाठच होती. शब्द घशातून ओढून काढावे लागत होते, एकेक करून, जन्मभराची सवय मोडून. "तू पोटुशी होतीस तवाच मी ठरवला होता. पोर झाली तर. मंग ती गेली... देवाफुडं पण कधी बोलले नाय मी. वेदिका... वेदिका ठेवणार होते मी तिचा नाव."

आठ वर्षांत त्या लेकराला कोणी नावाने हाक मारली नव्हती. वैष्णवी सरकत सरकत सासूपाशी गेली आणि तिच्या पाठीला डोकं टेकून तेच नाव पुटपुटत राहिली. म्हातारीने मागे हात नेऊन तिचं मनगट धरलं. चुलीवर पेज उतू गेली, तरी दोघींपैकी कोणीच उठलं नाही.