तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

"नाही म्हण हं भार्गवी… तिन्ही वेळा नाहीच म्हण!" रत्नप्रभाबाई लेकीच्या कानाशी कुजबुजल्या, आणि भार्गवीनं पदर पोटाशी घट्ट ओढून घेतला!

संस्थानं कधी विलीनच न झालेल्या या देशात चंद्रवाडची गादी अजून खरीखुरी होती. तिचे तरुण महाराज, भार्गवीचे पती, अपघातात गेले. आज त्यांचं बारावं. संस्थानाच्या जयपूरच्या महालात आज धाकट्या दिराला, आर्यनसिंहांना, पाग, म्हणजे राजाची पगडी, बांधायची होती. पण रीत अशी, की त्याआधी राजमातेनं विधवा राणीला पडद्याआड तीनदा विचारायचं, पोटी आस आहे का? होय म्हटलं, तर बाळ जन्मेपर्यंत पाग कुणालाच नाही. नाही म्हटलं, तर मागाहून जन्मलेल्या मुलाला बापाचं नाव कायमचं नाही!

आस होती… पण बाहेर आर्यनसिंहांची माणसं तलवारी लावून बसली होती, त्यांच्या राजाच्या आड येणारं बाळ ती जगू देतील होय? बदलीवर जयपुरात आलेल्या मराठी बँक अधिकाऱ्याची, तिथल्या राजा पार्क वस्तीत वाढलेली लेक ती… तिला गादी नको होती हो, लेकरू हवं होतं! आणि विचारणाऱ्या राजमाता तर आर्यनसिंहांच्या सख्ख्या आई. महाराज त्यांचे सावत्र.

"बींदणी, आस आहे?" राजमातांनी सुनेला विचारलं.

"नाही, माँसा."

"आस आहे?"

"नाही…" आपल्याच तोंडानं आपल्या बाळाला बेवारस करायचं! कुठल्या आईचं काळीज फाटणार नाही?

तिसऱ्यांदा विचारण्याआधी राजमातांनी तिचा हात धरला. "पहाटे तुझ्या ओकाऱ्या ऐकते मी. तुझ्या लेकराच्या जिवावर उठेन, असं वाटलं तुला?"

भार्गवी त्यांच्या पायांशी कोसळली. "चुकले मी, माँसा… मला फार भीती वाटते हो!"

"लोक तुझ्या नवऱ्याला माझा सावत्र म्हणोत," राजमातांचे डोळे भरून वाहू लागले, "पण माझ्याच मांडीवर वाढला गं तो!" त्या उठल्या आणि पडद्याकडे तोंड करून ओरडल्या, "आस आहे! पाग बांधू नका!"

बाहेरचे नगारे थांबले.

"माँसा!" आर्यनसिंहांचा आवाज कडाडला, आणि जड पावलं पडद्याच्या दिशेनं येऊ लागली.

राजमातांनी सुनेला आपल्या पाठीमागे घेतलं. "आधी माझ्याशी बोल, आर्यन," त्या ठामपणे म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा हात मागे सुनेला चाचपत होता… भार्गवीनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आई," ती राजमातांना पहिल्यांदाच म्हणाली, "मी आहे."