गाळातला उंबरा

मे महिन्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं, की भिगवणच्या खाली आमच्या बुडालेल्या गावाची जमीन उघडी पडते. तिथल्या गाळात मका टाकायची, पाणी चढायच्या आत कापून आणायची. दरवर्षीचंच काम. भुताखेतांना मी मोजत नाही. गाळाला मात्र भिते. वारा सुटून लाटा लागल्या, की वरून घट्ट दिसणारा गाळ खाली घुसळलेल्या दह्यासारखा सुटतो. जिथं लाट न फुटता गप बसते, तिथं खाली गाळ चालत असतो.

शहाण्णव साली आमचे मालक सिद्धू बियाची पिशवी घेऊन पुढं निघाले. पाण्याच्या कडेनं, जुन्या गल्लीच्या अंदाजानं. गावाची वाट त्यांच्या पायांना पाठ होती.

"अहो, तितं लाट बसतीया," मी म्हणाले.

"माझ्याच दारात मला शिकवतीस व्हय?"

एवढं बोलले आणि कमरेपर्यंत गेले.

माझे धाकटे दीर मल्हार यांनी आम्ही आलो त्या होडीतली फळी गाळावर टाकली, दोर फेकला. येणाऱ्या प्रत्येक लाटेबरोबर मालक आणखी खाली. घरची दोन लेकरं तेवढी डोळ्यांपुढं आली.

गाळ गळ्याशी आला आणि ते थांबले.

"पायाखाली उंबरा लागला," ते म्हणाले. "आपलाच हाय. मधी झिजलेला."

मल्हारभाऊजी माझ्याकडं बघत राहिले. गाव उठलं तेव्हा सासऱ्यांनी तो उंबरा चौकटीसकट काढून नव्या घराला बसवलाय. रोज सकाळी मीच त्याला हळदकुंकू लावते.

लाट आली की गाळ सैल व्हायचा, तेवढ्यात ओढायचं. असं करत आम्ही त्यांना बाहेर काढलं. मी रडले, चार शिव्याही घातल्या. घरापर्यंत त्यांचा हात सोडला नाही.

दारात पोचलो. सकाळचं कुंकू दिसेना. उंबऱ्यावर काळा, ओला गाळ होता.

दोन पावलांचा. आत गेलेल्या.

आतून सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "हळू ये गं. सिद्धू मघाशीच आलाय. दमून निजलाय."

मी उंबरा ओलांडला. माझ्या हातातला हात उंबऱ्याबाहेरच थांबला.