दोघांत एक शेळी

लंबूच्या दारासमोर एक अनोळखी माणूस उभा होता आणि कपाळाने बेल दाबत होता. डाव्या हातावर केकचा खोका तोलून धरलेला, उजव्या हाताला मनगटापासून अंगठ्यापर्यंत पट्टा. जिना चढून आलेल्या हेडबाईचं लक्ष आधी त्या कपाळाकडे गेलं, मग पट्ट्याकडे. पट्टा पाहिल्यावर मात्र तिला राहवेना.

"अहो, हे उलटं घातलंय तुम्ही."

"काय?"

"पट्टा! अंगठ्याचा आधार करंगळीकडे आलाय."

त्याने स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा आहे. "तरीच... करंगळी फार सुखात होती दोन-चार दिवस."

हेडबाईने कपाळाला हात लावला. ती काही कुठल्या शाळेची मुख्याध्यापिका नव्हती, फिजिओथेरपिस्ट होती. कुणी खुर्चीत जरा वाकडं बसलं तरी तिला ते सहन होत नसे, म्हणून कॉलेजातल्या मित्रमंडळींनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. दिवसभर ती लोकांना पाठ सरळ ठेवायला सांगे. लोक "हो, हो" म्हणत आणि घरी जाऊन पुन्हा पालथे पडून मोबाइल बघत. त्यामुळे एकूणच माणसांवरचा तिचा विश्वास उडत चालला होता. या माणसाने त्यात भरच घातली.

"खोका खाली ठेवा. हात इकडे करा."

त्याने मुकाट्याने हात पुढे केला. तिने पट्टा सोडला, सरळ करून बांधला. त्याच्या बाहीला व्हॅनिलाचा आणि भाजलेल्या साखरेचा वास होता. अंगठ्याच्या मुळाशी बोट टेकताच तो "आई गं" म्हणाला, आणि लगेच, "नाही, नाही, चालू द्या," म्हणून हसला. दुखतंय तर हसायचं कशाला? ती मनातल्या मनात चिडली.

तेवढ्यात लंबूने दार उघडलं. "अरे वा! ओळख झालीसुद्धा? हा केकवाला. कोपऱ्यावरचं दुकान याचंच. आजपासून आपल्यात खेळणार."

"हे?" हेडबाई म्हणाली. "या अंगठ्याने? मुळीच नाही!"

रविवारची दुपार ही त्या मित्रांची टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळायची ठरलेली वेळ होती. लंबू शाळेत गणित शिकवायचा, आणि त्याच्या घरचा सोफा सगळ्यांत मोठा होता. वकीलबाई कोर्टात जेवढ्या भांडत, त्याहून जास्त गेमशी भांडत. आधी त्यांनी गाड्यांच्या शर्यतींचा गेम खेळला. त्यात लंबू प्रत्येक वळणावर भिंतीत घुसायचा. मग हॉटेल चालवायचा एक गेम आला. त्यात सगळे मिळून कांदे जाळायचे आणि गिऱ्हाइकं निघून जायची. पण सगळ्यांचा जीव जडला तो शेळ्यांच्या गेमवर. एका दोरीला बांधलेल्या शेळ्या, समोर उभा डोंगर. एकीचा पाय घसरला की सगळ्या गडगडत पायथ्याशी. त्या डोंगराचं टोक त्यांनी अजून एकदाही पाहिलं नव्हतं. चौथा मित्र नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, जाताना स्वतःचा कंट्रोलर घेऊन गेला, आणि तेव्हापासून तीन कंट्रोलर उरले होते.

त्यामुळे केकवाला नुसता बघत बसला. बघत बसला असता तर बरं झालं असतं. तो सल्ले देत होता.

"डावीकडे... थोडं डावीकडे... अहो, तिकडे गवत किती छान आहे—"

"गवत बघायला आलो नाही आपण!" हेडबाई म्हणाली.

"नाही, पण शेळीला आवडलं असतं."

शेळी पडली. तिच्यामागून वकीलबाईंची पडली, लंबूची पडली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा "डावीकडे" ऐकल्यावर हेडबाईचा पारा चढला. तिने कंट्रोलरची डावी बाजू त्याच्या डाव्या हातात कोंबली. "एवढं कळतंय तर घ्या! तुम्ही चालवा. उडी मी मारते!"

ती रागाने म्हणाली होती. पण तो खरंच सरकून शेजारी बसला, डाव्या हाताने कंट्रोलर धरला, आणि शेळी चालायला लागली. अर्धा कंट्रोलर त्याच्या हातात, अर्धा तिच्या. खांद्याला खांदा.

"उडी," तो म्हणाला.

"आता?"

"आता... नाही, आता! आता म्हणजे मघाशी!"

शेळी दरीत गेली. वकीलबाईंनी उशी फेकून मारली.

पुढचे कित्येक रविवार असेच गेले. इतकी डोक्याला कटकट देणारा माणूस हेडबाईने पाहिला नव्हता. पडला की तो शेळीची माफी मागायचा. चढ सोडून फुलं बघायला जायचा. ती ओरडली की म्हणायचा, "बरोबर आहे तुमचं," आणि पुन्हा तेच करायचा. भांडायचं तरी कसं अशा माणसाशी? तरीही हळूहळू काहीतरी जमत गेलं. त्याने "आता" म्हणायच्या आधीच तिचा अंगठा बटणावर जायला लागला. तो श्वास रोखतो तेव्हा उडी मारायची असते, हे तिला कळलं होतं. कसं कळलं, याचा विचार करायचं तिने टाळलं.

दरम्यान तो तिच्या दवाखान्यातही यायला लागला. आयसिंगची पिशवी दाबून दाबून अंगठ्याची शीर सुजली होती. दुकान त्याचं, हात त्याचा. तो हात बसला की दुकान बसलं. डाव्या हाताने केकवर नावं काढायचा तो प्रयत्न करायचा, आणि फसलेले केक रविवारी घेऊन यायचा. एका केकवर 'अभिनंदन'चा 'न' घसरत पार खोक्यावर गेला होता.

"हे काय?" हेडबाईने विचारलं.

"अभिनंदन ओसंडून वाहतंय."

ती हसली. मग आपण हसलो म्हणून तिला त्याचाच राग आला.

दवाखान्यात मात्र ती कामाबाहेरचा एक शब्दही बोलत नसे. शेक, व्यायाम, मालिश. "दुखतंय?" "दुखतंय." पुढच्या वेळी पुन्हा, "दुखतंय?" तो खिडकीबाहेर बघायचा. "...थोडं दुखतंयच."

सूज उतरली होती. ताकद परत आल्यासारखी वाटत होती. मग दुखतंय का? तिने व्यायाम बदलले. घरी जाऊन पुस्तकं काढली. ज्यांच्या हाताखाली शिकली त्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "एवढ्यात बरं व्हायला हवं होतं. तुझं निदान नीट तपासून बघ." ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. आपलं चुकलं असेल? आपल्यामुळे त्याचा हात कायमचा जाईल? जेवताना तिचं लक्ष लागेना. आई म्हणाली, "अगं, मीठ घेतेयस की खेळतेयस?"

शेवटी तिने हाताच्या सर्जनकडे शब्द टाकला, आर्जवं करून लवकरची वेळ मिळवली, आणि ते सांगायला सकाळी दवाखान्यात जायच्या आधी ती त्याच्या दुकानाकडे वळली.

दार अजून उघडायचं होतं. काचेतून आतलं टेबल दिसत होतं. केकवाला टेबलावर वाकला होता आणि उजव्या हाताने, हो, उजव्याच, गुलाबाची फुलं काढत होता. पिशवी दाबायची, मनगट वळवायचं, पाकळी. पुन्हा पाकळी. सगळा जोर अंगठ्यावर. चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नाही. पट्टा मागे खुंटीला टांगलेला होता.

क्षणभर तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. बरा झालाय! मग तो आनंद जिथून आला तिथूनच संताप वर आला.

तिने काचेवर टकटक केलं. त्याने वर पाहिलं, आणि त्याच्या हातातल्या गुलाबाचा भोपळा झाला.

"कधी बरा झाला हात?" दार उघडताच तिने विचारलं.

"आत या ना—"

"कधी?"

"...बरेच दिवस झाले."

"आणि मला दर वेळी 'दुखतंय' सांगत होतात!"

"मला वाटलं, बरा झालो म्हटलं की..." तो थांबला.

"की काय?"

तो बोटावरचं आयसिंग एप्रनला पुसत राहिला.

"मला वाटलं, मी चुकले," ती म्हणाली. आवाज कापायला लागला म्हणून तिने तो आणखी चढवला. "सरांना विचारलं, पुस्तकं उलटीपालटी केली, सर्जनच्या हातापाया पडले! माझ्यामुळे तुमचं दुकान बंद पडणार म्हणून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. आणि तुम्ही इथे गुलाब काढताय!"

त्याचा चेहरा पार उतरला. हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं. "मला खरंच... एवढं मला—"

"आजपासून तुम्ही माझे पेशंट नाही," असं म्हणून ती निघून आली.

त्या रविवारी ती खेळायला गेली नाही. संध्याकाळी वकीलबाई घरी येऊन धडकल्या.

"गुन्हा सिद्ध आहे," त्या सोफ्यावर पाय घेत म्हणाल्या. "आरोपीने कबुली दिलीय. रडवेला होऊन बसला होता. पण हेतू काय होता, हे तुला कळलं की नाही?"

"मला काही कळून घ्यायचं नाही."

"म्हणजे कळलंय."

"पाय खाली घे. कंबर धरेल."

"विषय बदलू नकोस. पुढच्या रविवारी येणार आहेस. माझी शेळी एकटी डोंगरावर चढणार नाही."

पुढच्या रविवारी ती गेली. केकवाला आधीच येऊन सोफ्याच्या टोकाला बसला होता. त्याच्या मांडीवर नवा कोरा कंट्रोलर होता. "आणला," तो खाली बघत म्हणाला. "म्हणजे तुम्हाला तुमचा अख्खा मिळेल."

"छान," ती म्हणाली आणि दुसऱ्या टोकाला बसली.

चार शेळ्या निघाल्या. हेडबाईला वाटलं होतं, आता सुटले बुवा कटकटीतून. पण इतक्या रविवारांत तिने फक्त उड्याच मारल्या होत्या. डावा अंगठा पार परका झाला होता. शेळी खडकाला धडकत राहिली. आणि केकवाला चालवत होता झकास, पण उडी मारायची त्याला आठवणच होत नव्हती. कड्याच्या टोकाशी जाऊन तो नुसता श्वास रोखून बसायचा. पडले. पुन्हा पडले. मग इतक्यांदा पडले की लंबू, जो वर्गातल्या चाळीस पोरांवरही चिडत नसे, कंट्रोलर आपटून उभा राहिला.

"आम्ही कॉफी करायला जातोय. तोवर तुमचं काय ते मिटवा. नाहीतर पत्ते खेळू!"

वकीलबाई त्याच्यामागून गेल्या आणि स्वयंपाकघराचं दार मुद्दाम लावून घेतलं. पडद्यावर चार शेळ्या पायथ्याशी गवत खात उभ्या होत्या.

"माझं चुकलं," केकवाला म्हणाला. "तुमच्या कामाशी खेळ केला मी. त्याचं कारण सांगून ते कमी चुकीचं होणार नाही, म्हणून सांगत नाही."

"अहो, असं काय करता? कारण सांगा ना!"

"सांगू?"

"आता काय पाया पडू?"

त्याने कंट्रोलर बाजूला ठेवला. "हात बरा झाला म्हटलं असतं, तर तुम्ही तुमचा कंट्रोलर घेतला असता. मग तुम्ही त्या टोकाला, मी या टोकाला... आज बसलोय तसे. मला ते नको होतं. एवढंच." मग थांबून, कानापर्यंत लाल होत, "मला तुम्ही फार आवडता. ओरडता तेव्हासुद्धा."

"एवढं एक वाक्य!" हेडबाई म्हणाली. "एवढं एक वाक्य बोलायला तुम्ही माझ्याकडून अंगठ्याला शेक घेत बसलात?"

"हो," तो म्हणाला. मग हळूच, "एक विचारू? त्या सकाळी तुम्ही सर्जनची वेळ सांगायला आला होतात. माझा नंबर होता ना तुमच्याकडे?"

"होता."

"फोन करता आला असता."

दवाखान्यातून फोन करायला मिनिटभरही लागलं नसतं. त्याऐवजी तिने लवकर उठून केस धुतले होते, दोन कुडते बदलले होते आणि वाकडी वाट करून ती त्याच्या काचेपाशी जाऊन उभी राहिली होती. या माणसाने बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं. काय वैताग आहे!

"आला असता फोन करता," ती म्हणाली. "पण मला बघायचं होतं तुम्हाला. रविवारपर्यंत दम निघत नव्हता... हसू नका!"

"हसत नाहीये."

"हसताय. आणि पाठ सरळ करून बसा. आणि... इकडे सरका."

तो सरकला. तिने मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं, कारण आता तिलाच हसू आवरत नव्हतं.