ओलं केलेलं वळण

पडेगावच्या घरी वीज गेली तेव्हा सगळे गच्चीवर आले. साहेबरावमामांनी सतरंजीवर बैठक मारली. स्वरदा आणि हिमांशू पाय पोटाशी घेऊन समोर बसले. मामांनी सगळी नोकरी शेंद्र्याकडच्या एका गाड्यांच्या कारखान्यात केली, तपासणी विभागात.

"माझ्या शेजारच्या टेबलावर शंतनू नावाचा इंजिनिअर बसायचा," मामा म्हणाले. "त्याच्यासोबत घडलेलं सांगतो. मधे कुणी हसायचं नाय."

तारीख बारा मे, दोन हजार सोळा. गुरुवार. शंतनूचं त्या रात्रीचं काम तसं साधंच होतं. करमाडच्या अलीकडं जुन्या रस्त्याचं एक उजवं वळण आहे. त्या वर्षी नवा रस्ता झाल्यापासून तिकडं कुणी फिरकत नव्हतं. ते वळण टँकरनं ओलं करायचं आणि कंपनीचा नवा छोटा टेम्पो त्यावरून पळवून बघायचा. कॉम्प्युटरवर शंतनूनं तोच टेम्पो, वाळूच्या पोत्यांसकट, त्याच वळणावर शेकडो वेळा पळवला होता. ओल्या रस्त्यावर पंचेचाळीसच्या वेगाला गाडी जराशी घसरते, पण उलटत नाही, असं उत्तर दर वेळी यायचं. आता रस्त्यानं तेच उत्तर दिलं, की शंतनू सही करणार आणि टेम्पो बाजारात जाणार.

दिवसा हे करायची सोय नव्हती. गावाला आठ-आठ दिवस टँकर मिळत नव्हता. तिथं दोन हजार लिटर पाणी डांबरावर ओतताना दिसलं असतं, तर लोकांनी सोडलं नसतं. म्हणून रात्र.

टेम्पो चालवायला मोतीराम होता. पन्नाशीचा माणूस, जवळच्याच गावचा. काही चुकलं तर आत तोच असणार होता.

पण शंतनूला काळजी नव्हती, संशय होता. आदल्या दोन रात्री टेम्पो कॉम्प्युटरच्या आकड्यापेक्षा कमी घसरला होता. म्हणजे रस्त्यावर पाणी कमी पडत होतं. आणि दोन्ही रात्री मोतीरामनं टँकरमधून एक कॅन भरून बाभळीमागं नेलेला त्यानं पाहिला होता. एक कॅन दिसला. न दिसलेले किती?

तिसऱ्या रात्री त्यानं मोतीरामला बाभळीपाशी गाठलं.

"कुणासाठी नेता पाणी?"

"चंपाबाईसाठी."

"कुठं राहते?"

"हितंच."

"इथं घर कुठंय?"

"घर नाय साहेब. मागल्या उन्हाळ्यात टँकर कलंडला हितं. पाणी वाहून चाललं, तशा बाया भांडी घेऊन धावल्या. ही रस्त्यावर बसून वाटीनं भरत व्हती. मागून जीप आली. जीपवाल्याला दिसलीच नाय."

शंतनू हसला. "छान रचलंय. घरी किती कॅन गेले ते सांगा."

"तुमच्या टँकरचं पाणी घरी न्यायला मी काय येडा हाय का? डिझेलचा वास मारतंय ते. म्हैस तोंड लावायची नाय."

शंतनूनं कॅन उचलला आणि रस्त्यावर पालथा केला. "आज थेंब न् थेंब वळणावर."

मोतीराम रिकाम्या कॅनकडं बघत राहिला. "तुमची मर्जी," म्हणाला आणि टेम्पोकडं गेला.

एक वाजून दहा मिनिटं. टँकरवाला पाणी सोडून निघून गेला होता. वेग धरायला मोतीराम टेम्पो एक किलोमीटर मागं घेऊन गेला. वळणावर शंतनू एकटा. हातात बॅटरी आणि वायरलेस.

खर्रर...

डांबरावर भांडं घासल्यासारखा आवाज.

त्यानं बॅटरी मारली. ओला रस्ता चकाकत होता. कुणी नव्हतं.

खर्रर... मग भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज.

"कोण आहे? मोतीरामनं पाठवलं का तुम्हाला?"

आवाज थांबला. मग पुन्हा... या वेळी जवळ.

बॅटरीच्या उजेडात रस्त्यावर एक कोरडा डाग दिसला. पाटाएवढा. माणूस बसेल एवढा. त्याच्याशेजारी दुसरा. मग तिसरा...

"पळाला का नाही तो?" हिमांशूनं विचारलं.

"नाय. त्याच्या डोक्यात आधी गणित आलं."

रस्ता सगळा ओला असेल तर गाडी घसरते. सगळा कोरडा असेल तर धरून राहते. पण ओल्यावर आडवी घसरलेली गाडी कोरड्यावर अडली, तर उलटते. कॉम्प्युटरला हे शंतनूनं कधी विचारलंच नव्हतं.

"मोतीराम, थांबा. येऊ नका. ऐकू येतंय का?"

वायरलेसमध्ये खरखर.

"मोतीराम..."

खरखर थांबली. आतून आवाज आला. कुणीतरी घटाघटा पाणी पीत होतं.

दूर दिवे दिसले. शंतनू बॅटरी हलवत धावला. ओरडला. दिवे थांबले नाहीत.

टेम्पो वळणात शिरला. घसरला. कोरड्यावर अडला. उजवी चाकं उचलली गेली. वीतभर... हातभर... दोन हात...

तिथंच थांबली.

गाडी तशीच, दोन चाकांवर.

मग धप्पकन खाली आली.

मोतीराम उतरला आणि रस्त्यावरच बसला.

"साहेब... मागं कोण चढलं व्हतं?"

"कुणी नाही."

"मग गाडी खाली कुणी दाबली?"

शंतनू बॅटरी घेऊन उजव्या बाजूला गेला. मागच्या हौद्याच्या फळीचा जाड पत्रा वरच्या कडेला दबला होता. चार खळगे. हातभर अंतर. पुन्हा चार. बोटांएवढे. चढायला धरलं होतं, की दाबायला... सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शंतनूनं सही केली नाही. पंचेचाळीसला या वळणावर टेम्पो सुरक्षित नाही, असं लिहून दिलं. वरच्या साहेबांनी आरडाओरडा केला, पण त्यानं कागद बदलला नाही.

खालच्या गल्लीत कुणाचं तरी फाटक वाजलं.

"टेम्पो दिवसभर कारखान्याच्या आवारात उभा होता," मामा हळू आवाजात म्हणाले. "उन्हात. पत्र्याला हात लावला तर भाजत होता. दुपारी चारला मी जाऊन पाहिलं. आठही खळगे पाण्यानं भरलेले. मोतीरामनं माझ्यासमोर फडक्यानं पुसले. कोरडे झाले..."

"मग?" स्वरदानं विचारलं.

"तो फडकं पिळत होता तोवर पुन्हा भरले. मी एकात बोट बुडवलं." मामांनी आपलं बोट अंगठ्यानं चोळलं.

"गार होतं."