नव्वदावा दिवस

शिक्का त्रिकोणी होता. तिन्ही बाजू सारख्याच वाटत होत्या, पण तळाची बाजू दोनेक मिलिमीटरनं लांब होती आणि उजव्या कोपऱ्यात शाई थोडी फुटली होती. घाटकोपरच्या पोस्टात, रांगेतल्या पुढच्या माणसाच्या हातात उघडं पारपत्र होतं. वनमाला परबनं ते पाहता पाहता एवढं टिपलं. कॉलेजच्या रसायनशाळेत सात वर्षं काढल्यावर डोळे असंच बघायला लागतात.

तो वळला. "ओ ताई, पेन आहे? आणि... इंग्रजी आहे?"

"दोन्ही आहे. पण पारपत्र परक्या देशाचं आणि मराठी अशी?"

"मराठी माझीच. बाराव्या वर्षी इथून नेली, तेवढीच राहिली. मोठीच झाली नाही."

तो एझ्रा किहीमकर. अलिबागकडचं बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू घर. वडिलांनी सगळ्यांना बोटीत घालून इस्रायलला नेलं. तिकडे हा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. आई गेली आणि घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नाही, म्हणून हा उठून आला, तीन महिन्यांसाठी, पर्यटक म्हणून. नाहूरला एक खोली घेऊन राहत होता. तीन महिने संपत आले होते.

वनमालानं फॉर्म भरायला घेतला. "मुदत वाढवून मागण्याचं कारण?"

"लिहा, बोलायला कुणी नाही."

"हे नाही चालत."

"मग तुम्ही बोला ना!"

तिनं 'नातेवाइकांच्या भेटी' असं लिहिलं. ओठांतलं हसू मात्र त्याला दिसलंच.

ती सत्तर सालच्या श्रावणातली ऊन-पावसाची दुपार. त्यानंतर दर तीन महिन्यांनी फॉर्म आला की तोही यायचा, आणि पुढं पुढं फॉर्म नसतानाही. नाहूरच्या मिठागरांच्या बांधावरून दोघं चालायची. ती मिठाचा खडा तळहातावर घेऊन त्याच्या कडा दाखवायची. तो खड्याऐवजी तळहातच बघायचा.

"इकडे बघ, खड्याकडे."

"बघतोय की."

"खोटं."

"मग कट्टी," तो म्हणायचा. तिशीतला माणूस, आणि करंगळी पुढे!

मुदत एकदा वाढवून मिळे. दुसऱ्यांदा नाही. मग देशाबाहेर जायचं, नवा शिक्का घेऊन परत यायचं. म्हणून तो नेपाळच्या सीमेवरच्या रक्सौलपर्यंत गाडीनं जायचा, टांग्यानं सीमा ओलांडायची, पुढं काठमांडूला भारतात येण्याच्या परवान्यासाठी अर्ज, आणि पुन्हा उलटा प्रवास. सगळं मिळून महिना जायचा. पहिल्या खेपेला निघताना बांधावर तो थांबला होता.

"वनू, लग्न करशील माझ्याशी? म्हणजे हे टांगे सुटतील."

ती पाण्याकडे बघत राहिली. धाकटा भाऊ जहाजावर गेला तो आलाच नव्हता. घरात वडील एकटे, गिरणीतून निवृत्त झालेले. शिवाय जात सोडा, देश वेगळा, देव वेगळा... "परत ये. मग सांगते," ती म्हणाली.

तो परत आला. तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही, तिसऱ्यालाही.

"सरकार तरी बरं," तो हसत म्हणाला, "ते एकदाच मुदत वाढवतं. तू किती वेळा?"

तो नसला की ती मिठागराकडे फिरकायची नाही. प्रयोगशाळेत काचेची भांडी दोनदा धुवायची. कुणाशी बोलावं असं वाटायचं, आणि जिच्याशी बोलावं अशी एकही व्यक्ती आठवायची नाही. त्या दिवसांत तिला कळायचं, त्याची आई गेल्यावर त्याचं घर कसं झालं असेल.

बहात्तरच्या मार्चमध्ये, तीन तारखेला, तो काठमांडूहून तिसऱ्यांदा परत आला. या वेळी शिक्क्यावर शेवटची तारीख नव्हती, फक्त 'नव्वद दिवस' होतं. तारीख तिनंच काढली. प्रयोगाचा आरंभ नेहमी शून्यापासून. तीन मार्च शून्य, म्हणजे नव्वदावा दिवस एक जून. ती तारीख तिनं दोनदा तपासली.

एक जूनला तो मुदत वाढवायचा अर्ज घेऊन कचेरीत गेला आणि दुपारी रसायनशाळेच्या दारात येऊन उभा राहिला. "वनू... कालच संपली मुदत."

"कशी संपेल? मी मोजलंय."

"ते आल्याचा दिवस पहिला धरतात."

तिच्या हातातली परीक्षानळी तिनं हलकेच स्टँडमध्ये ठेवली.

"सात दिवसांत देश सोडायचा. पुन्हा पर्यटक म्हणून घेणार नाहीत म्हणाले." आणि मग, तिचा चेहरा बघून, "जाऊ दे गं. एका दिवसानं काय होतं?"

त्याच दिवसानं सगळं झालं होतं.

संध्याकाळी तिनं ताट तसंच पुढं सरकवलं. भिकाजी, तिचे वडील, बघत होते.

"तो गेलो काय तू जेवणस नाय," ते म्हणाले. "तीन वेळा बघलंय मी. आता काय झाला?"

"बाबा, त्याला कायमचं जायला सांगितलंय. माझ्या चुकीनं."

"मगे तुझी चूक तू निस्तर. आणि माझ्यासाठी अडान रवलंस तर ती दुसरी चूक." त्यांनी ताट तिच्याकडे परत ढकललं. "जेव आधी."

सकाळी ती एझ्राबरोबर परदेशी लोकांच्या नोंदणीच्या कचेरीत गेली. टेबलामागचे गृहस्थ वयस्कर होते, चष्मा कपाळावर. तिनं तारखांचा कागद समोर ठेवला.

"यांचा दोष नाही. मोजलं मी. शून्यापासून मोजलं."

त्यांनी कागद वाचला. "अक्षर छान आहे बाई. पण नियम आहे. आणि दिवस यांचे, तुम्ही का मोजत होता?"

एझ्रा घाईनं म्हणाला, "ओळखीच्या आहेत, साहेब. शेजारी—"

"तू थांब रे," वनमाला त्याला म्हणाली.

पंख्याखाली कागद फडफडत होते. कुणीतरी टंकयंत्र बडवत होतं, ते मधेच थांबलं. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तुम्ही यांच्या कोण?"

वनमालानं एझ्राकडे पाहिलं. त्याच्या शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं. रात्रभर झोपला नसावा.

"अजून कुणी नाही," ती म्हणाली. "पण या सात दिवसांत मी यांच्याशी लग्न करणार आहे."