बॅकस्लॅश कोण पुसत होतं?

खोटं वाटेल. वाटू दे. ज्याच्या जिवावर बेततं त्यालाच कळतं. हे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या बाबतीत घडलंय आणि मी तिथे होतो. भर दुपारी, बंदराच्या ऑफिसात.

माझं काम प्रोग्राम लिहिण्याचं. मासेमारीच्या बोटी आपली जागा आकड्यांत पाठवतात, माझा प्रोग्राम ते आकडे बाकीच्या कचऱ्यातून वेचतो.

त्या दिवशी दाट धुकं होतं. दादाची बोट बुडतेय, एवढाच निरोप वायरलेसवर आला. मग खरखर... मग काहीच नाही.

जागा शोधून द्यायची होती मी. आणि प्रोग्राम नुसता कचरा ओकत होता.

चूक लगेच सापडली. आकड्यांत टिंब असतं. पण शोधायच्या पॅटर्नमध्ये नुसतं टिंब दिलं की त्याचा अर्थ 'कुठलंही अक्षर चालेल' असा होतो. खरं टिंब हवं तर आधी तिरकी रेघ लागते, बॅकस्लॅश. आमचा प्रोग्राम त्यातली एक गिळतो, म्हणून दोन द्यायच्या. आदल्या दिवशी सगळं नव्या मशीनवर हलवताना दोन्ही गळाल्या होत्या.

दोन घातल्या. सेव्ह केलं. चालवलं.

कचरा.

फाइल उघडली... एकही रेघ नव्हती.

पुन्हा घातल्या. पुन्हा गायब.

घाईत हात चुकत असेल म्हणून वायरलेसवाल्या काकांना शेजारी बसवलं. आमची पद्धतच आहे. डोकं चालेनासं झालं की एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं.

"टिंबाआधी रेघ. अजून एक रेघ. बरोबर आहे, चालव."

तेवढ्यात मागच्या टेबलावरून आवाज आला...

टक्... टक्.

मागे टेबल होतं. कीबोर्ड होता. खुर्ची रिकामी होती.

काका स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाले, "अरे, गेल्या रेघा."

फोन वाजला. वहिनी होत्या.

"भावजी, सापडले का हो हे?"

"बघतोय, वहिनी." दुसरं काय सांगणार, कपाळ? थंड पाण्यात माणूस किती वेळ तग धरतो, हे आमच्या घरातल्या पोरांनाही ठाऊक आहे.

फोन ठेवला आणि त्या रिकाम्या खुर्चीपुढे हात जोडले.

"कोण आहेस ते माहीत नाही. पाया पडतो. माझा दादा मला दे. बदल्यात काय हवं ते ठेवून घे."

रेघा घातल्या.

आवाज आला नाही...

या वेळी त्या राहिल्या. स्क्रीनवर दादाच्या बोटीचे संदेश आले. दोन. एकाच क्षणाचे, पण दोन वेगळ्या जागांचे.

एका बोटीवर जागा कळवणारं यंत्र एकच असतं.

मदतीची बोटही एकच होती. मी जवळची जागा सांगितली. दादा तिथे सापडला, फळीला धरून, जिवंत. त्याला बघून वहिनींनी हंबरडा फोडला. मीही पोरासारखा रडलो.

दुसऱ्या जागेवर नंतर मी स्वतः जाऊन आलो. नुसतं पाणी.

दादा आता घरीच असतो. जेवतो, हसतो. फक्त मला 'गोट्या' म्हणत नाही. विचारलं तर म्हणाला, "असं म्हणायचो मी?"

त्याचं यंत्र बोटीबरोबर बुडालं. तरी त्या दुसऱ्या जागेवरून संदेश अजून येतो... रोज. मदत मागणारा.

काका म्हणतात, "काढून टाक तो पॅटर्न. डोक्याचा ताप जाईल."

नाही काढवत. तिथे माझा दादाच असला, तर त्याची हाक ऐकणारं दुसरं कोण आहे?